ठीकय

रात्रीचे पावणेबारा. हे कधीचे घोरायलेत. मी सैपाकघरात वही घेऊन बसले.

टीव्हीवर ‘श्वास’ लागला होता. 2004 साली इथंच परभणीत थेटरात बघितला होता, ताईंसोबत. तेव्हा सगळं रडू आजोबांसाठी आलं. पोराच्या डोळ्यांत कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दिसणार नाही, आणि हे त्या लेकराला सांगायचं कुणी? अरुण नलावडे नुसते उभे राहिले तरी पोटात कालवत होतं.

आज त्यांच्याकडं फारसं लक्षच गेलं नाही. सगळं लक्ष परश्यावर, त्या नातवावर. घाबरलं की डोळ्यांत दिसतं, चिडलं की सगळ्या अंगानं चिडतं, आजोबांनी कुणाला न सांगता दवाखान्यातून बाहेर नेलं की खुलतं. अश्विन चितळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मी म्हणाले होते, लहान आहे म्हणून दिला असेल. काहीही बोलते मी.

आणि मला हेवा वाटला. त्या आजोबांचा! नातवाची दृष्टी जाणार, आणि मी बाई हेवा करायले. पण त्यांना निदान कळतं तरी, पोराच्या मनात काय चाललंय ते.

आज संध्याकाळचा लेकाचा फोन: जेवलास का? हां. काय करायलास? अभ्यास. बरं हाय ना? ठीकय. संपला.

जूनमध्ये लातूरला सोडून आलो तेव्हा रूममधलं दुसरं पोरगं आईच्या पदराला धरून हमसून हमसून रडत होतं. आमचा म्हणाला, “निघा आता, गाडी चुकंल.” मी गल्लीभर सांगत फिरले, आमचा नाही रडला बरं का. पाच वर्षांचा असताना इंजेक्शन दिलं तेव्हाही तेच, वाघ हाय माझा. आता त्या वाघाचं तोंड वाचता येईना तर दोष कुणाला देऊ? ह्यांना? ह्यांचं तर... जाऊ दे.

एक ‘ठीकय’ सोमवारी जरा लांब वाटला होता. ‘ठीऽकय’. त्यावर मी दोन दिवस काढले. परीक्षेचा पेपर असता तर नापास झाले असते.

हे लिहीत होते तेवढ्यात मोबाईल वाजला. एवढ्या रात्री! काळजात धस्स झालं.

“आई, रविवारी येताना शेंगाची चटणी दोन डबे आण. एक पुरत नाही.”

“एवढी कोण खायलंय?”

“ते रडकं पोरगं. मेसचं जेवण जात नाही त्याला. माझ्यासंगं खातंय.”

“आणि तुला जातं का?”

“ठीकय.”

शेंगा भाजायला घेतल्यात. वासानं हे उठतील, उठू देत. खलबत्त्यातच कुटणार, मिक्सरची त्याला चालत नाही. एका डब्यात तिखट जरा कमीच घालते.