मन्या तिसऱ्यांदा तुंबला तेव्हा

दवाखाना उघडायच्या आधीच काकू पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर टोपली, टोपलीत त्यांचा बोका मन्या. "डॉक्टर, काल संध्याकाळपासून सारखा कुंथतोय. शी अडकली असेल का हो?"

पोट चाचपलं. मूत्राशय मोठ्या लिंबाएवढं फुगलेलं आणि दगडासारखं टणक. पाच महिन्यांतली ही तिसरी खेप.

बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद असते. चिकट स्राव आणि बारीक स्फटिकांची खर तिथे बुचासारखी बसली की लघवी बंद. माद्यांमध्ये हे क्वचितच होतं. कुंथताना पवित्रा शी करतानासारखाच दिसतो, म्हणून घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं आणि मोलाचे तास निघून जातात. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, कारण लघवीवाटे जाणारं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय मंदावतं.

मन्याचे ठोके मिनिटाला 96 होते. घाबरून दवाखान्यात आलेल्या मांजराचे दोनशेच्या आसपास असतात. अंगही गार लागत होतं. कॅथेटरला, म्हणजे लघवी काढायच्या नळीला, हात लावायच्या आधी सलाईन सुरू केलं आणि मॉनिटरवर नजर ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश सोडलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढा वेळ सांभाळलं जातं. मग हलकी भूल दिली. टोकाशी राखाडी, कचकचीत पेस्टसारखा बूच दिसत होता. बोटांनी चोळून थोडा सुटला, उरलेला सलाईनच्या दाबाने मागे ढकलावा लागला. कॅथेटर आत सरकलं आणि गडद लाल लघवी नळीतून वाहू लागली. मदतनीस मुलाने रोखलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मन्या पिंजऱ्यात निजला तेव्हा मी काकूंसमोर बसलो. चार वर्षांचा बोका, एक्स-रेमध्ये मुतखडा नाही, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत. या वयात जंतुसंसर्ग तसाही कमीच, तो दहा वर्षांपुढच्या मांजरांत जास्त सापडतो. तरी मधल्या काळात एके ठिकाणी त्याला दोनदा अँटिबायोटिक दिलं गेलं होतं. मी ओलं खाणं द्या, पाणी वाढवा असं सांगितलं होतं आणि काकूंनी ते मनापासून पाळलं होतं. पण मन्या लघवी कुठे करतो, हे मी दोन्ही खेपांना विचारलंच नव्हतं. ती माझी चूक.

आता विचारलं. सहा महिन्यांपूर्वी घरात दुसरा बोका आला होता. ट्रे एकच, वॉशिंग मशीनशेजारी, कोपऱ्यात. "मन्या आत गेला की तो दारात बसून राहतो," काकू म्हणाल्या, "मारामारी नाही हो करत, नुसता बघत बसतो."

तेवढंही मांजराला पुरतं. ते लघवी धरून ठेवतं, ताणाने मूत्राशयाच्या अस्तराला सूज येते, सुजेतून स्राव आणि रक्त येतं, आणि बोका असला तर बूच बसतो. मी कागदावर त्यांच्या घराचा नकाशा काढून घेतला. दोन मांजरांना तीन ट्रे, तिन्ही वेगळ्या जागी, एकही कोंडीत नको. पाण्याची भांडी जेवणापासून दूर. मन्याला उंचावर हक्काची जागा आणि रोज थोडा वेळ एकट्याशी खेळ. हे जमलं नाही तर मूत्रमार्ग रुंद करायच्या शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. तिने तुंबणं टळतं, सूज मात्र येतच राहू शकते.

कॅथेटर दोन दिवस ठेवलं. काढल्यावर लगेच घरी सोडलं नाही, कारण पुन्हा तुंबायचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. संध्याकाळी मन्याने वाळू उकरली, बसला आणि उठून गेला. लघवीने वाळूचा झालेला गोळा मी चमच्याने उचलला. जड होता, चांगला मुठीएवढा.

या गोष्टीला आठ महिने झाले. मध्ये एकदा घरात रंगकाम निघालं तेव्हा लघवीत रक्त दिसलं. वेदनाशामक आणि शांत खोली एवढ्यावर ते निभावलं. काकू रोज ट्रेमधले गोळे मोजतात आणि एक जरी कमी भरला तरी फोन करतात.