काकू बसल्या की दिवा जातो

ब्रेक लाइटची तक्रार म्हणजे गॅरेजमधलं सगळ्यात फुटकळ काम. बल्ब बदला, स्विचवर स्प्रे मारा, पुढची गाडी आत घ्या. म्हणूनच ही मोटरसायकल सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजपर्यंत येईस्तोवर बरीच हिंडून आली होती. मागचा बल्ब नवा, हाताच्या ब्रेकचा स्विच नवा, पायाच्या ब्रेकचाही नवा, सगळं नाना पेठेतून आणलेलं. मालक म्हणजे गणिताचे निवृत्त सर, चांगलेच वैतागलेले.

"अरे, दिवा लागतो. पार्किंगच्या भिंतीवर उजेड मी स्वतः बघितलाय."

"आणि माझा भाऊ मागनं येत होता, तो काय आंधळा आहे?" काकू म्हणाल्या.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलाकडे जो उतार लागतो, तिथे भाऊ स्कूटरवर यांच्या मागे होता. सरांनी ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा होता तसाच मंद राहिला आणि भाऊ कसाबसा थांबला. तो उतार पुण्यात अपघातांसाठी बदनाम आहे, वेगळं सांगायला नको.

मी गाडी मेन स्टँडला लावून दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. दिवा लख्ख. सरांनी काकूंकडे एक कटाक्ष टाकला.

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक 5 वॅटची आणि एक 21 वॅटची. बारीक तार टेल लाइटची, जाड ब्रेकची. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा दिवा बंद करायची सोयच राहिली नाही, त्यामुळे मागे लाल उजेड कायम असतो आणि ब्रेकची तार पेटत नसली तरी मालकाला सगळं ठीक वाटतं. कळतं ते फक्त मागच्याला.

"त्या दिवशी गाडीवर कोण कोण होतं?" मी विचारलं.

"आम्ही दोघं."

"आणि पार्किंगमध्ये बघताना?"

सर गप्प झाले. मी काकूंना मागे बसायला सांगितलं आणि ब्रेक दाबला. दिवा नाही. हाताचा नाही, पायाचाही नाही. काकू उतरल्या, दिवा लागला. पुन्हा बसवलं, गेला. शेजारचा चहावालासुद्धा किटली ठेवून बघायला आला.

इथे थोडं डोकं चालवलं की निम्मी गाडी बाद करता येते. हाताचा आणि पायाचा असे दोन्ही स्विच एकाच वेळी दगा देत नाहीत. दोघांच्या वायरी पुढे एक होऊन मागे जातात, म्हणजे दोष त्या जोडाच्या पुढे. अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी वायर तर टेल आणि ब्रेकला एकच. टेल जराही मंद होत नव्हता, म्हणजे अर्थिंग चांगलं. उरली फक्त जोडापासून होल्डरपर्यंतची एक वायर. स्विच बदलणाऱ्याने एवढा विचार केला असता तर सरांचे पैसे वाचले असते.

काकूंना बसवूनच बल्ब काढला आणि होल्डरमध्ये मल्टिमीटर धरला. 12 व्होल्टच्या वर दाखवतोय!

"करंट येतोय, म्हणजे होल्डर गेला," आमचा पोऱ्या म्हणाला.

मी बल्ब परत बसवून मागच्या कपलरवर, म्हणजे दिव्याच्या वायरी जिथे जोडल्या जातात त्या प्लास्टिकच्या जोडावर, मीटर लावला. आता 1 व्होल्टसुद्धा नाही. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे तार नावापुरती टेकलेली असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो. "21 भागिले 12, पावणेदोन अँपिअर," सर हिशोब करून मोकळे. सुटा मीटर लावून वायरला पास करणारे मेकॅनिक मी फार बघितलेत. बल्ब जोडलेला ठेवून मोजा, नाहीतर मोजूच नका.

पण पंचाईत अशी, की वायर सीटखाली. सीट काढली तर काकू बसणार कशावर? मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून हाताचा ब्रेक ग्रिपला आवळून टाकला, म्हणजे दिवा चालू राहतो आणि हात मोकळे. सीट काढून वायरिंग बोटाने इंच इंच दाबत निघालो. चेसिसच्या आडव्या पट्टीवर आलो आणि दिवा गेला.

वायर क्लिपमधून निसटून पट्टीवर आली होती आणि सीटचा रबरी गुटका वजन आलं की तिच्यावर बसत होता. वरचं प्लास्टिक बघाल तर अखंड. नीट पाहिल्यावर टाचणीएवढं भोक दिसलं. कोणीतरी कधीकाळी टेस्टरची सुई खुपसलेली. मला या सवयीचा भयंकर राग आहे. त्या भोकातून पावसाचं आणि वॉशिंगचं पाणी आत जातं आणि तांबं हिरवं पडतं. प्लास्टिक सोललं तर आत तारा तुटलेल्या, टोकांवर हिरवी पूड, आणि ती टोकं नुसती एकमेकांना टेकून राहिलेली.

लालसर, चकचकीत तांबं दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी कापलं, तेवढ्याच जाडीचा तुकडा घातला, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. नुसता पीळ आणि चिकटपट्टी मी करत नाही. सीटखालच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो. वायर परत क्लिपमध्ये, थोडी सैल. पायाचा स्विचही नव्याने बसवताना फार घट्ट झाला होता, ब्रेक लागल्यावर दिवा यायचा. नट फिरवून तो आधी येईल असा केला.

मग सर आणि काकू दोघांना बसवून गाडी हलवली, दाबली. दिवा ढिम्म हलला नाही.

बिल ऐकून सर म्हणाले, "वीतभर वायरचे एवढे?"

"वायरचे नाहीत हो," काकू म्हणाल्या, "मला इतका वेळ बसवून ठेवलं त्याचे. द्या."