समोर उभी असलेली बाई खरी आहे हे सिद्ध करताना गेलेला शुक्रवार

मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बे भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचं बघणाऱ्या ऑफिसात, काम करते. कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि जिच्याबद्दल लिहितेय तिचे काही तपशील बदललेत, कारण विद्यार्थ्यांची माहिती बाहेर सांगायची नाही हा आमचा पहिला नियम आणि तो मला मनापासून पटतो.

सांगलीला फोन केला की मावशी अजून विचारते, अगं कम्युनिटी कॉलेज म्हणजे नक्की काय, आयटीआयसारखं का? थोडं तसं, थोडं ज्युनियर कॉलेजसारखं, आणि थोडं असं जे आपल्याकडे नाहीच. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत आणि जवळपास वीस लाख लोक त्यात शिकतात. प्रवेश सगळ्यांना, मार्क बघत नाहीत, वय बघत नाहीत, राज्याच्या उच्च शिक्षणाच्या 1960 च्या मास्टर प्लॅनपासून हेच धोरण आहे. फी युनिटला (क्लास केवढा मोठा ते या युनिटांत मोजतात) 46 डॉलर, म्हणजे इथल्या मानाने फारच कमी, आणि उत्पन्न कमी असेल तर राज्य तीही माफ करतं. त्यात कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची केंद्र सरकारची पेल ग्रँट, वर्षाला जास्तीत जास्त 7,395 डॉलर. फी आधीच माफ झालेली असते म्हणून पेलचे जवळजवळ सगळे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतात, आणि त्यातून भाडं, पेट्रोल, पुस्तकं, मुलांचं पाळणाघर असं सगळं चालतं. आमच्याकडची निम्मी मंडळी त्या पैशाच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली असतात.

चोरांनी नेमकं हेच हेरलं. कोविडमध्ये क्लास ऑनलाइन गेले आणि चोरलेल्या नावांवर अर्ज यायला लागले, एकेक टोळी शेकड्याने अर्ज भरते, ऑनलाइन क्लासमध्ये नाव घालते, एआयकडून पहिला होमवर्क लिहून घेते, ग्रँट पडली की गायब. आम्ही त्यांना घोस्ट स्टुडंट म्हणतो. ही सगळी कॉलेजं ज्याच्या हाताखाली येतात त्या राज्याच्या चॅन्सलर ऑफिसचा अंदाज 2021 मध्ये पाचातला एक अर्ज खोटा असा होता, 2024 पर्यंत तो चारातला एक झाला. पैशाची चोरी तर आहेच पण मला जास्त राग येतो तो जागांचा, चाळीस जागांचा सायकॉलॉजीचा क्लास नोंदणी उघडल्यावर लगेच भरतो आणि नोकरी करणारा खरा पोरगा वेटलिस्टवर बसतो.

तर तो शुक्रवार सेन्ससच्या आधीचा होता. सेन्सस म्हणजे टर्म सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येणारी ती तारीख, जेव्हा राज्य डोकी मोजतं. 2018 च्या फंडिंग फॉर्म्युल्यानुसार आमच्या निधीचा साधारण 70 टक्के भाग विद्यार्थीसंख्येवर ठरतो, 20 टक्के गरीब विद्यार्थी किती यावर, 10 टक्के निकालावर. त्यामुळे सेन्ससच्या आधी जे क्लासला येतच नाहीत त्यांची नावं शिक्षकांनी काढायचीच असतात, आणि त्या आठवड्यात ऑफिसात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. शुक्रवारी आमची खिडकी दुपारी एकला बंद होते. पावणेएकला ती आली, अंगावर स्क्रब म्हणजे दवाखान्यात घालतात तसे कामाचे कपडे, हातात प्लास्टिकची फाइल, चाळिशीची असेल. फिलिपिन्सहून आलेली, ग्रीन कार्ड आहे, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते आणि नर्सिंगला जायचंय म्हणून प्रीरिक्विझिट, म्हणजे त्याआधी पूर्ण करावे लागणारे विषय, करतेय. म्हणाली, मॅम, माझे पैसे आले नाहीत आणि माझा सायकॉलॉजीचा क्लास दिसतच नाहीये.

कॉम्प्युटरवर बघितलं तर तिच्या नावापुढे फ्रॉडचा होल्ड, म्हणजे फसवणुकीच्या संशयाने पैसे अडवलेले. का, तर एकाच पत्त्यावरून आणि एकाच फोन नंबरवरून तीन अर्ज आलेले. ती, तिची बहीण आणि बहिणीचा मुलगा एकाच घरात राहतात, फोनचा फॅमिली प्लॅन बहिणीच्या नावावर, सगळ्यांनी तोच नंबर टाकला. शिवाय फिलिपिन्समध्ये आईचं माहेरचं आडनाव मधलं नाव म्हणून लावतात, ते अर्जात होतं आणि ग्रीन कार्डवर नवऱ्याचं आडनाव, म्हणजे नावही जुळेना. त्यात सायकॉलॉजी ऑनलाइन, पहिल्या आठवड्यात स्वतःची ओळख लिहून पोस्ट करायची होती, तिच्या त्या आठवड्यात डबल शिफ्ट होत्या आणि कॉलेजचा नवीन ईमेल तिने उघडलाच नव्हता. शिक्षिकेने नाव काढून टाकलं. त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही, आदल्या टर्मला तिच्या क्लासमध्ये अर्ध्याहून जास्त घोस्ट निघाले होते, आणि ते काढल्यावर उरलेल्या मुलांसाठी क्लास चालू ठेवायला तिला डीनशी भांडावं लागलं होतं.

पण मला जे सहन झालं नाही ते वेगळंच. ही बाई आठवड्यातून दोन संध्याकाळी कॅम्पसवर येऊन अ‍ॅनाटॉमी करत होती, सहा ते नऊ क्लास आणि लॅब, तिथून थेट अकराच्या शिफ्टला. इंग्लिशचा क्लासही कॅम्पसवरच. म्हणजे दोन दोन शिक्षक तिला दर आठवड्याला समोर बघतायत आणि आमची सिस्टीम म्हणतेय की ही व्यक्ती अस्तित्वात असल्याची खात्री नाही! सिस्टीमला कुणी हजेरीपट विचारलाच नव्हता, कारण विचारायची सोयच तिच्यात ठेवलेली नाही.

हिशोब सांगते म्हणजे कळेल. अ‍ॅनाटॉमी 5 युनिट, इंग्लिश 4, सायकॉलॉजी 3, मिळून 12 म्हणजे फुल टाइम. तीन गेले की 9 उरतात, पेल 75 टक्क्यांवर येते. तिला पूर्ण पेल बसत होती, म्हणजे एका टर्मला सव्वानऊशे डॉलरच्या आसपास फटका. वर सायकॉलॉजी राहिली तर नर्सिंगचा अर्ज एक वर्ष पुढे. आणि पुन्हा नाव घालायची मुदत त्या वीकेंडलाच संपत होती.

मी खिडकीची जाळी खाली ओढली आणि तिला आत बसवलं. ओळख पटवण्याचं काम सोपं झालं, 2025 च्या उन्हाळ्यापासून केंद्राने ज्यांच्यावर संशय आहे अशा नवीन अर्जदारांचं ओळखपत्र समोरासमोर किंवा लाइव्ह व्हिडिओवर बघायला सांगितलंय, ग्रीन कार्ड चालतं, तारीख संपलेली नव्हती, नावातल्या फरकासाठी लग्नाचा दाखला तिच्या फाइलमध्ये होताच. तिने सगळंच आणलं होतं, अगदी लाइट बिलापर्यंत. कुणाला कधी काय विचारलं जाईल या भीतीत जगणारी माणसं असंच सगळं घेऊन फिरतात. सायकॉलॉजीची बाई मात्र फोन उचलेना. मग मी अ‍ॅनाटॉमीच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, अहो ती पहिल्या बाकावर बसते, तिच्याइतके प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्यांनी स्वतःच सायकॉलॉजीवालीला मेसेज केला. अडीचच्या सुमाराला तिचं उत्तर आलं, सोबत अ‍ॅड कोड, म्हणजे क्लासमध्ये पुन्हा नाव घालायला शिक्षकाने द्यायचा नंबर. एक जागा रिकामी होती, सकाळीच तिने अजून दोन घोस्ट काढले होते. आम्ही तिथेच बसून नाव घातलं, ओळखीची पोस्ट लिहिली, ईमेल तिच्या मोबाइलवर सुरू करून दिला. माझ्यासमोर बसलेल्या त्या विद्यार्थिनीचे डोळे लाल झाले होते, रडून की जागरणाने ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. पाच वाजता तिची पुढची शिफ्ट होती.

सोमवारी मी तिच्यासारख्या होल्डवरच्या सगळ्यांची यादी काढली आणि कॅम्पसवरच्या क्लासच्या हजेरीशी ताडून बघितली. आणखी काही जण निघाले, सगळे खरे, बहुतेक एका घरात दोन-तीन कुटुंबं राहणारे. या भागात भाडी इतकी आहेत की गरीब माणूस एकटा राहूच शकत नाही, मग एका पत्त्यावर तीन अर्ज हा संशयाचा पुरावा कसा काय होतो? हे मी कॉलेजच्या कमिटीत मांडलं, जरा आवाज चढवूनच मांडलं. चोर पकडायलाच हवेत, तो पैसा याच लोकांचा आहे, पण होल्ड लावायच्या आधी हजेरी बघा आणि एक फोन करा एवढंच मागितलं. आयटीवाल्यांना हजेरीची अट पटली, पुढच्या टर्मपासून घालणार आहेत. फोन करायला माणूस मात्र मिळालेला नाही, बजेटमध्ये बसत नाही म्हणाले, आणि खिडकी आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवायची मागणी युनियनशी बोलणं होईपर्यंत लटकलीय. तोवर ज्यांना खिडकीच्या वेळेत यायला जमत नाही त्यांना मी अ‍ॅनाटॉमी लॅबच्या मधल्या सुट्टीत तिथेच जाऊन भेटते, लॅपटॉप घेऊन.