अल्गोलची वही : पंचवटीच्या गच्चीवरून एक हंगाम

मंडळी, गेल्या वर्षी मी आमच्या सहा इंची दुर्बिणीबद्दल लिहीत होतो. या हिवाळ्यात ती दुर्बीण बहुतेक वेळ कपाटातच होती. डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही चौघांनी एकच तारा धरला, आणि तोही नुसत्या डोळ्यांनी. ययाति तारकासमूहातला अल्गोल. तीन महिन्यांत वहीची एकोणीस पानं भरली, त्यातलं कामाचं आणि चुकलेलं दोन्ही इथे मांडतो.

चौघं म्हणजे मी, शेजारचे काका (टपाल खात्यातून निवृत्त, वय ६८), अकरावीतली माझी भाची आणि निफाडकडचा माझा शाळासोबती, जो द्राक्षं करतो.

नव्यांसाठी थोडक्यात. अल्गोल एरवी २.१ प्रतीचा असतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे शहरातूनही सहज दिसणारा. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो, ३.४ पर्यंत उतरतो आणि परत चढतो. उतरण्या-चढण्याचा हा सगळा खेळ साधारण दहा तासांत आटोपतो. कारण ती जोडी आहे. एक तेजस्वी निळसर-पांढरा तारा आणि एक मोठा पण मंद नारिंगी. मंद तारा समोरून गेला की आपल्याला ग्रहण दिसतं. नव्वदएक प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याचं ग्रहण, अंगणात उभं राहून. मला अजूनही हे वाक्य लिहिताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडच्या नावांत तर ती जागा सापडायलाही सोपी. शर्मिष्ठेचा एम शोधा, देवयानीची ओळ शोधा, दोघींच्या शेजारी ययाति. नाशिकहून जानेवारीच्या मध्यावर रात्री आठला अल्गोल मध्यमंडळावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो, क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर. मान मोडते, म्हणून काकांनी गच्चीवर गादी टाकली. पुढे सगळं निरीक्षण आडवं पडूनच झालं.

२४ डिसेंबर २०२४. पहिला प्रयत्न

तळ, म्हणजे अल्गोल सगळ्यात मंद होण्याची वेळ, रात्री अकराच्या सुमारास अपेक्षित होता. आठपासून बसलो. दर पंधरा मिनिटांनी अल्गोल कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधे बसतो ते ठरवायचं आणि त्यावरून प्रत काढायची. समजा गॅमा देवयानी (म्हणजे देवयानीतला गॅमा तारा) २.१ आणि एप्सिलॉन ययाति २.९. अल्गोल या दोघांमधल्या वाटेवर दहातले सहा भाग खाली वाटला, तर २.१ अधिक ०.६ गुणिले ०.८, म्हणजे साधारण २.६. गणित चौथीचं आहे, कस लागतो तो डोळ्यांचा.

रात्री एकला वह्या उघडल्या तेव्हा चौघांचे आकडे जवळपास तेच! आम्ही खूष. भाची मात्र गप्प होती. खाली उतरताना म्हणाली, "मामा, काका दर वेळी मोठ्याने बोलत होते. मी त्यांचाच आकडा लिहिला काही वेळा." मग मित्रानेही मान्य केलं, आणि मीही. चार वह्या होत्या, निरीक्षण मात्र एकाचंच झालं होतं.

त्या रात्रीपासून एकच नियम कडक पाळला. आधी लिहायचं, वही मिटायची, मग काय ते बोलायचं. तळाच्या आसपास तर एकमेकांकडे बघायचंही नाही, कारण कोणी "अरेच्चा" म्हटलं तरी पुढचा आकडा बिघडतो.

दुसरी चूक जास्त खोल होती. अल्गोलच्या अगदी खाली, दोन अंशांवर, ऱ्हो ययाति आहे. इतका जवळचा तारा तुलनेला मिळाला म्हणून आम्ही तुलनेच्या ताऱ्यांच्या पुठ्ठ्यावर त्याची प्रत ३.४ लिहून घेतली होती. तळाला अल्गोल ऱ्होपेक्षा ठळक दिसला, म्हणून सगळ्यांनी ३.२ लिहिलं. म्हणजे तळ उथळ आला. चार दिवस आम्ही धुक्याला आणि शहराच्या उजेडाला दोष देत बसलो. शेवटी भाचीने अल्गोलला बाजूला ठेवून ऱ्होची तुलना आल्फा त्रिकोणाशी (त्रिकोण तारकासमूहातल्या आल्फा ताऱ्याशी) केली. तो खरोखर ३.४ चा. ऱ्हो त्याच्यापेक्षा स्पष्ट मंद होता. शोधल्यावर कळलं की ऱ्हो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, आहे, ३.३ ते ४.० मधे सावकाश हलतो. ज्या वजनाने तोलायचं तेच वजन बदलतं होतं. तुमच्यापैकी कोणी अल्गोल करणार असाल तर पुठ्ठ्यावरून ऱ्हो आधी खोडा. जवळ आहे म्हणून मोह होतो.

२७ ला तळ पावणेआठला होता, पण ढग आले आणि वही कोरी राहिली.

१६ जानेवारी २०२५. चांगली रात्र

१३ च्या रात्री, पावणेएकच्या सुमाराला एक तळ होता. पण तेव्हा पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आणि सकाळी संक्रांत, म्हणून तो सोडून दिला. तीन दिवस पुढे जायचं आणि सव्वातीन तास मागे यायचं, इतकं लक्षात ठेवलं की पुढचा तळ तोंडी सांगता येतो. त्या हिशेबाने १६ ला रात्री साडेनऊ. गुरुवार. सोयीची वेळ.

संक्रांतीचा एक फायदा झाला. गच्चीवर दोन फाटके लाल पतंग पडलेले होते. त्यांचा कागद चौपदरी करून बॅटरीच्या तोंडावर रबर लावून बांधला. एवढा चांगला लाल उजेड मला विकतच्या टॉर्चनेही मिळालेला नाही. आकडा दिसतो आणि डोळे दिपत नाहीत. मांजा मात्र आधी सगळा गोळा करून घ्या. अंधारात पायात येतो.

सातला सुरुवात केली तेव्हा अल्गोल आधीच उतरणीला लागला होता. माझ्या वहीतले आकडे असे : साडेसातला २.६, साडेआठला ३.०, नऊला ३.२, साडेनऊला ३.४. साडेनऊ ते पावणेदहा आल्फा त्रिकोण आणि अल्गोल यांच्यात मला काडीचा फरक दिसेना. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. एरवी ययातीची आकृती बघताना नजर पहिल्यांदा जिथे जाते तो ताराच जागेवर नसल्यासारखा वाटत होता. पूर्वेला मंगळ लालभडक, त्याच दिवशी प्रतियुतीत (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या समोरासमोर), पुनर्वसूजवळ. आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे पाच मिनिटांपेक्षा जास्त पाहिलं नाही.

अकरानंतर आल्फा त्रिकोण पश्चिमेकडे उतरला आणि सातपूरकडच्या दिव्यांच्या उजेडात सापडला. खाली गेलेला तारा हवेच्या जाड थरातून बघावा लागतो, तो आहे त्यापेक्षा मंद दिसतो. म्हणून तिथून पुढे आम्ही डेल्टा आणि एप्सिलॉन ययाति घेतले, कारण ते अल्गोलच्या जवळपास उंचीवर राहतात. साडेबाराला थांबलो.

तळाची वेळ काढायची पद्धत जुनी आहे. संगणकावर होतं, पण हाताने केल्यावर ती कळते. आलेख कागदावर आडवी वेळ, उभी प्रत. बिंदू जोडून वळण काढायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते गिरवायचं आणि मग ट्रेसिंग पेपर उलटा करायचा. उतरण चढणीवर बसेपर्यंत तो डावी-उजवीकडे सरकवायचा. जिथे दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात तिथला मधला अक्ष म्हणजे तळाची वेळ. शनिवारी दुपारी काकांच्या जेवणाच्या टेबलावर हे केलं. खिडकीच्या काचेला कागद लावला की दोन्ही रेघा स्वच्छ दिसतात.

काका ९.२४. मित्र ९.३१. भाची ९.३६. मी ९.४३. एकोणीस मिनिटांचा फरक. एकट्याने केलं असतं तर मी माझे ९.४३ छातीठोकपणे सांगत फिरलो असतो. चौघांची सरासरी ९ वाजून साडेतेहेतीस मिनिटं. आम्ही काढलेलं भाकीत ९.२९. चार जणांच्या आठ डोळ्यांना ग्रहणाची वेळ पाच मिनिटांच्या आत सापडली!

भाकितातली एक गंमत सांगायलाच हवी. ज्या तक्त्यावरून आपण भाकीत काढतो त्यातली वेळ सूर्यावरून पाहिल्यासारखी दिलेली असते. जानेवारीत पृथ्वी अल्गोलच्या बाजूला सूर्याच्या थोडी अलीकडे असते, म्हणून प्रकाश आपल्याकडे चारेक मिनिटं आधी पोचतो. नोव्हेंबरात हा फरक साडेसात मिनिटांपर्यंत जातो. पुढच्या हंगामात नोव्हेंबरपासून बसलो, तर पृथ्वीची जागा बदलल्याचा परिणाम आमच्याच वहीत दिसायला हवा. मला त्याची सगळ्यात जास्त ओढ लागली आहे.

काकांचे आकडे सतत का वेगळे येतात याचाही थोडा उलगडा झाला. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डाव्याचं नाही. उजव्याने त्यांना निळसर अल्गोल जास्त ठळक दिसतो आणि नारिंगी छटेचा गॅमा देवयानी त्या मानाने कमी. डाव्याने उलट. दोन डोळ्यांत एक-दोन दशांशाचा फरक. आता ते आकड्यापुढे 'उ' किंवा 'डा' लिहितात. लालसर ताऱ्याकडे टक लावून बघितलं तर तो हळूहळू ठळक वाटायला लागतो, हेही आम्हाला काकांमुळेच नीट समजलं. म्हणून एक झटकी नजर, दुसरी झटकी नजर, आणि आकडा.

जॉन गुडरिकची गोष्ट मी भाचीला त्याच दुपारी सांगितली. इंग्लंडमधल्या यॉर्कचा, बहिरा, अठरा वर्षांचा मुलगा. १७८३ मधे त्याने अल्गोलचा आवर्तकाळ सांगितला आणि समोरून काहीतरी जात असावं असं सुचवलं. एकविसाव्या वर्षी तो गेला. पण मला त्याच्याइतकाच त्याचा शेजारी एडवर्ड पिगॉट महत्त्वाचा वाटतो. दोघं एकमेकांच्या नोंदी ताडून बघत, एकमेकांना तारे सुचवत. आणि आपल्या बाजूचे राधागोविंद चंद्र. जेसोरच्या कोषागारात नोकरी करता करता त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या संघटनेला पाठवल्या. तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून पाठवली, आणि त्या लोकांना ते कधी भेटलेही नव्हते!

८ फेब्रुवारी. निफाड

तळ आठला, वार शनिवार, म्हणून या वेळी मित्राच्या बागेवर. माघी पौर्णिमा चार दिवसांवर, त्यामुळे आकाश उजळ होतं, पण शहराचे दिवे नव्हते. डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेव्हा धुराने काही दिसत नाही. आता थंडी ओसरली होती. काढणी चालू होती, शेडमधे क्रेट रचलेले. काम संपवून मजूर मंडळी आणि त्यांची मुलं अंगणात जमली.

आम्ही प्रत वगैरे काही सांगितलं नाही. मुलांना फक्त दोन तारे दाखवले, अल्गोल आणि आल्फा त्रिकोण, आणि दर अर्ध्या तासाने विचारलं, मोठा कोणता? सातला सगळे हात अल्गोलकडे. आठला निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि जोरदार भांडण. मला ते भांडण फार आवडलं, कारण दोन तारे सारखे झाले की माणसं अशीच विभागली जातात. तो आमच्या वहीतला सगळ्यात नेमका तळ ठरला.

मित्राची आई, आमच्या सगळ्यांच्या मावशी, बाजेवर बसून हे ऐकत होत्या. त्या रात्रभर फार काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "हा परत कधी बारका होईल?" मित्र क्रेटच्या हिशेबात होता, मी गाडीत सामान ठेवत होतो. तीन दिवसांनी होईल, पण दिवसा, असं काहीतरी सांगितलं आणि निघालो.

२८ फेब्रुवारी

या दिवशी कोणतंच निरीक्षण ठरलेलं नव्हतं. भाचीची परीक्षा, काका पुण्याला मुलाकडे. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, आकाश स्वच्छ. तळ पावणेदहाला आहे हे मला माहीत होतं, पण दमून घरातच बसलो होतो.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मावशींचा फोन.

"आरं, तुमचा तो बारका झालाय. पण त्या तिकोनातल्या पुढच्यापेक्षा अजून जरासा मोठाय."

वेळापत्रक त्यांना कोणीही दिलेलं नव्हतं. मुलांकडून कळलं की आठ तारखेपासून त्या रोज रात्री जेवणानंतर अंगणात जाऊन त्याच्याकडे बघत होत्या. मी चपला न घालता गच्चीवर गेलो. वायव्येला, बऱ्यापैकी खाली, अल्गोल आल्फा त्रिकोणापेक्षा जरासाच ठळक होता.

वहीत पाचवा रकाना आखला. ९.०५, मावशी, ३.२.