सेजचं तेल आणि फिटची गोळी

पंचवटीत माझं मेडिकल आहे. सोमवारी कपालेश्वरला गर्दी असते त्यामुळे दुकानातही उसंत नसते, अशातच ओळखीचा एक मुलगा आला, आईची नेहमीची चिठ्ठी दिली आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, दादा हे मिळेल का, ऑनलाइन यायला वेळ लागतोय. बघतो तर सेज नावाच्या वनस्पतीच्या पानांचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे पानांतून काढलेलं सुगंधी तेल. कुणीतरी ग्रुपवर टाकलेलं, रोज कोमट पाण्यात चार थेंब, स्मरणशक्ती वाढते. आई हल्ली गॅस बंद करायला विसरते, तेच तेच परत विचारते, म्हणून बिचाऱ्याची धडपड.

चिठ्ठीत मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या खाली लेव्हेटिरासिटाम. फिटची गोळी! अंगावर काटाच आला.

बाकीच्यांना पोऱ्यावर सोपवून त्याला आत बसवलं. म्हटलं, सेज म्हणजे थाप आहे असं मी म्हणणार नाही. तुळशी-पुदिन्याच्याच कुळातली ही, इराणमध्ये अल्झायमरच्या पेशंटना चार महिने अर्क देऊन बघितला होता, २००३ मध्ये छापून आलंय, फरक दिसला, पण पेशंट मोजकेच होते. मेंदूत असिटिलकोलिन नावाचं आठवणीला लागणारं रसायन असतं, ते तोडणारं एन्झाइम सेज थोडं रोखतं, अल्झायमरवरची डोनेपेझिलची गोळीही तेच करते. पण त्याच पानात थुजोन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूला आवरून धरणाऱ्या गाबा या रसायनाच्या आड येतं आणि जास्त पोटात गेलं तर फिट येऊ शकते. पाण्यात काढलेल्या अर्कात ते कमी उतरतं, तेलात मात्र एकवटून येतं. आणि तुला नेमकं तेलच हवंय.

तो म्हणाला, पण दादा नॅचरल आहे ना. अरे, धोत्रा पण नॅचरलच की! हे वाक्य इतक्यांदा ऐकतो ना, जीव तुटतो अगदी.

मग विचारलं, आईचं व्हिटॅमिन बी१२ कधी तपासलंय? कधीच नाही. माळकरी घर, त्यात मेटफॉर्मिन कित्येक वर्षं, दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं, वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी सुधारूही शकतं. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, संध्याकाळी लगेच बोलावलं त्यांनी.

रात्री त्याचा मेसेज आला, डॉक्टर तेल अजिबात नको म्हणाले, बी१२ आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिलीय. ग्रुपवरही त्याने हे टाकलं, तर खाली एकीने विचारलंय, माझ्या सासऱ्यांना फिटची गोळी चालू आहे आणि तेल सुरू केलंय, आता काय करू? म्हटलं, तेल आत्ताच्या आत्ता थांबवायला सांग, गोळी नाही, आणि माझा नंबर दे त्यांना.