परवान्यातला टेलिफोन

सोलापुरातल्या एका सरकारी आवाराच्या मालमत्ता शाखेत मी लिपिक आहे. आवारातल्या टपऱ्यांचे भाडे, परवान्यांचे नूतनीकरण आणि तक्रारी माझ्या टेबलावरून पुढे जातात. मागच्या मे महिन्यात एक तक्रार आली. फाटकाशेजारी दिव्यांगांसाठीच्या योजनेतून दिलेल्या टपरीचा परवाना टेलिफोन बूथचा असताना तिथे बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आणि शेंगाचटणीच्या पुड्या विकल्या जातात. शिवाय मूळ परवानाधारक बसत नाही, टपरी पोटभाड्याने दिलेली आहे, असे तीत म्हटले होते. साहेबांनी अर्जावर ‘स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारला.

पोटभाड्याचा आरोप मला वाचताक्षणी खरा वाटला. दिव्यांगाच्या नावावरची टपरी दुसऱ्यानेच चालवायची आणि मूळ माणसाच्या हातावर महिन्याकाठी थोडे पैसे टेकवायचे, असे प्रकार मी पाहिलेले आहेत.

पूर्वसूचना न देता सकाळी साडेआठला गेलो, तेव्हाच ऊन चटके देत होते. एक तरुण सायकलवरून खोकी उतरवत होता. तक्रारीतला ‘दुसरा माणूस’ तो हाच. पण माल लावून झाल्यावर तो यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला निघून गेला. तो परवानाधारकाचा पुतण्या होता. आत बसले होते ते साठीचे, पूर्ण अंध असलेले काका. मी ओळख सांगितली, पंचनाम्याचा कागद काढला आणि बाजूच्या स्टुलावर बसून दोन तास नुसता पाहत राहिलो.

नोट हातात आली की काका ती आधी मांडीवर सपाट करत आणि मग बोटांवर गुंडाळून तिची लांबी जोखत. नव्या मालिकेतली शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०; रुंदी तिन्हींची सारखीच. म्हणजे एका नोटेत आणि पुढच्या नोटेत फरक अवघा चार मिलिमीटरचा, आणि त्या चार मिलिमीटरवर त्यांचा दिवसभराचा हिशेब उभा. कडेला उठावाच्या तिरप्या रेषाही असतात, शंभरावर चार आणि पाचशेवर पाच. पण नोट वापरून मऊ झाली की त्या बोटाला लागत नाहीत, असे त्यांनी सांगितले. वीस रुपयांचे बारा कडांचे नाणे मात्र त्यांना फार आवडते. एका घाईतल्या गिऱ्हाइकाने पाचशेची म्हणून दोनशेची नोट पुढे केली, तेव्हा ती परत देत ते शांतपणे म्हणाले, “दोनशे आहे मालक, बघा एकदा.”

पोटभाड्याचा मुद्दा तिथेच निकाली निघाला. राहिला शर्तभंग. वरच्या फळीवर स्वच्छ पुसलेला एक टेलिफोन ठेवलेला होता आणि त्याची वायर कुठेही जोडलेली नव्हती. मी विचारले, “काका, हा बंद फोन कशाला ठेवलाय?”

“परवान्यात टेलिफोन लिहिलाय की साहेब. कोण तपासायला आलं आणि फोन दिसला नाही, तर जागा जाईल. रोज पुसून ठेवतो.”

दिव्यांगांना व्यवसायासाठी सवलतीच्या दराने जागा देताना प्राधान्य द्यावे, ही तरतूद १९९५ च्या कायद्यात होती आणि २०१६ च्या कायद्याने त्यासाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. नव्वदच्या दशकात सरकारी आवारांत अनेक दिव्यांगांना टेलिफोन बूथ मिळाले आणि त्यांवर संसार चालले. पुढे घरोघरी मोबाईल आले. बूथ संपले, परवान्यावरचा शब्द तेवढा तसाच राहिला. दुपारी मी जुनी फाईल काढली, तर तीत ‘व्यवसाय बदलून मिळणेबाबत’ असा विषय असलेले काकांचे दोन अर्ज लावलेले होते, आणि दोन्हींवर आवक शिक्क्याशिवाय काहीही नव्हते. त्यांतला एक शिक्का मी स्वतः मारलेला होता. वेळेत उत्तर दिले असते, तर शर्तभंगाची वेळच आली नसती.

अमेरिकेत १९३६ च्या रँडॉल्फ-शेपर्ड कायद्याने संघराज्य सरकारच्या इमारतींत विक्रीचे स्टॉल चालवण्यासाठी अंध व्यक्तींना प्राधान्य दिले. १९७४ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ‘स्टॉल’ या शब्दाच्या जागी अधिक व्यापक शब्द घातला गेला आणि उपाहारगृहांपासून पैसे टाकून वस्तू देणाऱ्या यंत्रांपर्यंत सारे त्यात आले. तिथे परवाना देणारे राज्याचे खाते प्रशिक्षण, साहित्य आणि सुरुवातीचा मालही पुरवते. आपल्याकडे निदान परवान्यावरचा एक शब्द वेळच्या वेळी बदलायला काय हरकत आहे, असे मला फार तीव्रतेने वाटले.

अहवालात मी लिहिले की परवानाधारक स्वतः व्यवसाय करतात, पोटभाडेकरू आढळला नाही, आणि वापरातील बदल कार्यालयाने अर्ज निकाली न काढल्यामुळे घडला आहे. शेवटचे वाक्य साहेबांनी दोनदा वाचले, पण खोडले नाही. दोन्ही जुने अर्ज मी अहवालाला जोडले.

मंजुरी यायला दिवाळी उजाडली. सुधारित परवाना घेऊन मी स्वतः टपरीवर गेलो आणि ‘किरकोळ विक्री’ हे शब्द काकांना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले, कागदावरून बोट फिरवून शिक्का कुठे आहे ते विचारले, घडी घालून कागद खिशात ठेवला, आणि मग वरच्या फळीकडे हात करून म्हणाले, “साहेब, मग आता फोन काढला तर चालेल ना?”