दोन मॉनिटर, दोन वेग

शनिवार, रात्री उशिरा

आज सुट्टी होती आणि पाऊसही थांबायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे सकाळपासून पीसीपाशीच. टेबलावर मधोमध २७ इंची १४४०पी, १४४ हर्ट्झवाला (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर, तो खास गेमसाठी घेतलाय, आणि डावीकडे जुना फुल एचडी ६० हर्ट्झवाला, त्यावर डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप), गाणी, गेमचा मॅप असं काय काय उघडं असतं. दुपारी दादाचा फोन आला, म्हणाला अरे लिनक्सवर गेम खेळायला एवढी खटपट कशाला करतोस, विंडोज टाक ना सरळ. म्हटलं दादा, आता तशी गरजच राहिली नाहीये.

आणि खरंच नाहीये. आधी मी एक्स११ वर होतो, म्हणजे लिनक्समधे पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा, आणि ते मुळात १९८७ चं, त्यात दोन्ही मॉनिटर मिळून एकच लांबलचक स्क्रीन धरतात, म्हणजे माझ्याकडे २५६० अधिक १९२०, एकूण ४४८० पिक्सेल रुंद. जुने काही गेम तर तेवढ्या रुंदीवर पसरायचे आणि आपला हिरो बरोबर दोन मॉनिटरच्या फटीत! शिवाय डेस्कटॉपचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जुळवून एक चित्र करणारा भाग) सगळ्याला एकाच तालावर हाकायचा, बऱ्याचदा त्यातल्या सगळ्यात मंद मॉनिटरच्या, मग १४४ चे पैसे मोजून बघायचं ६० च. फ्रीसिंकचंही (गेमच्या फ्रेमनुसार मॉनिटरचा वेग बदलण्याची सोय) दोन मॉनिटर जोडलेले असले की काही खरं नसायचं.

एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडमधे प्रत्येक मॉनिटर आपापल्या वेगाने चालतो. केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मधे आली तेव्हापासून त्यात वेलँडच डीफॉल्ट आहे. फरक बघायचा तर माउस गोल गोल जोरात फिरवायचा, ६० वाल्यावर बाणांच्या मधे मोकळी जागा दिसते, १४४ वर तेच बाण एकमेकांना चिकटून येतात. साधं गणित आहे, तिकडे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची, इकडे जेमतेम ७ ची. आता दोन्ही शेजारी शेजारी, आणि कोणी कोणाला मागे खेचत नाही, हे बघून मला मनापासून भारी वाटतं, इतक्या लोकांनी इतकी वर्षं खपून हे फुकट दिलंय.

आज नीट लावलं ते असं. डिस्प्ले सेटिंगमधे मॉनिटरचे चौकोन ओढून खालच्या कडा जुळवल्या, कारण दोघांच्या उंचीत ३६० पिक्सेलचा फरक, आणि कडा टेबलावर जशा आहेत तशा नसल्या की माउस डावीकडे नेताना कोपऱ्यात अडकतो. मग मधल्याला प्रायमरी केलं, हे महत्त्वाचं, प्रोटॉनवरचे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) बहुतेक गेम अजून एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवणारा थर) चालतात आणि कुठल्या मॉनिटरवर उघडायचं हे बऱ्याचदा प्रायमरी बघूनच ठरवतात. ॲडॅप्टिव्ह सिंक (फ्रीसिंकचीच सोय) ऑटोमॅटिकवर, म्हणजे फुलस्क्रीन गेमलाच लागू, एरवी नाही.

तरी एक गेम ऐकत नव्हता. फुलस्क्रीन असूनही माउस डावीकडे निसटायचा, ऐन मारामारीत क्लिक पडायचं डिस्कॉर्डवर आणि गेम मिनिमाइझ. अशा वेळी गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वचं गेमस्कोप, गेमपुरता वेगळा छोटा कंपोझिटर, कामाला येतं. स्टीममधे त्या गेमच्या लाँच ऑप्शनमधे गेमस्कोप लिहून रुंदी, उंची, रिफ्रेश रेट, फुलस्क्रीन आणि कर्सर धरून ठेवायचा पर्याय दिला, की गेमला वाटतं जगात एकच मॉनिटर आहे. माउस एकदम जागच्या जागी! पण मी सगळ्या गेमना ते लावत नाही, जो सरळ चालतोय त्याला कशाला मधे आणखी एक थर.

केबलचं मात्र दादाला ठासून सांगितलं. त्याच्याकडे एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि ४के १२० चा मॉनिटर घ्यायचं चाललंय. लिनक्सच्या ओपन सोर्स ड्रायव्हरमधे ४के १२० साठी लागणारं एचडीएमआय २.१ आणायचा एएमडीचा प्रस्ताव २०२४ मधे एचडीएमआय फोरमने नाकारला होता, तेव्हा डिस्प्लेपोर्ट असलेलाच बघ म्हटलं. यावर म्हणाला, मग उद्या येतोस का दुकानात, जेवायलाही इकडेच ये. वहिनी थालीपीठ करणारे म्हणे, जाणारच.